तिरपे धरले तरी चालणारे इंजिन

चालू मोटरसायकल आडवी पडली की काय होते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पेट्रोल गळू लागते, इंजिन दोन-चार आचके देते आणि बंद पडते. आता शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) ब्रश कटर, म्हणजे गवत कापायचे पेट्रोल यंत्र, चालवणाऱ्या माणसाकडे पाहा. उतारावरचे गवत कापताना तो दांडा एका अंगावर झुकवतो, झुडपाच्या बुडाशी पाते जवळजवळ उभे करतो, बांधीच्या, म्हणजे शेताच्या तुकड्याच्या, कोपऱ्यात सगळे यंत्र वळवून घेतो. इंजिन दर क्षणाला वेगळ्या कोनात असते आणि त्याचा सूर बदलत नाही. या इंजिनाला बॅटरी नाही. पेट्रोल चढवणारा पंप कुठे दिसत नाही. मोटरसायकलमध्ये असतात तशा उघडझाप करणाऱ्या झडपाही नाहीत. मग ते चालते कसे? हे कोडे सुटले की दुकानात उभे राहून कोणते यंत्र घ्यावे, हा प्रश्न निम्मा सुटतो, असे माझे ठाम मत आहे.

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातले चोरखमारा हे तलावाचे, धानाचे आणि जंगलाचे गाव. २०१३ साली जाहीर झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात शिरण्याचे एक दार इथे आहे. अशा ठिकाणी बागकामाच्या पेट्रोल यंत्रांना वेगळाच अर्थ येतो. इथली शेती लहान-लहान बांध्यांची. प्रत्येक बांधीला धुरा, आणि पावसाळ्यात प्रत्येक धुऱ्यावर गुडघाभर गवत, तरोटा, गाजरगवत. त्यातच लोक तूर लावतात, म्हणून सरसकट औषध फवारून चालत नाही; कापावेच लागते. हिवाळा सरला की पानगळ सुरू होते आणि जंगलाच्या बाजूला दुसरे यंत्र निघते ते म्हणजे ब्लोअर. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो. त्या काळात जाळरेषांवर, म्हणजे आग अडवायच्या मोकळ्या पट्ट्यांवर, पडणारा पालापाचोळा हटवत राहावे लागते. पाठीवरच्या ब्लोअरच्या नळीतून ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटर वेगाने हवा सुटते आणि कोरडी पाने बाजूला सरकून मातीची उघडी पट्टी तयार होते. आग पसरायची तर तिला पाने लागतात. पट्टीवर ती अडते. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलातला वणवा विझवताना वनमजुरांचे जीव गेले. तिथे यंत्र ऐन वेळी सुरू होते की नाही, या प्रश्नाचे वजन फार मोठे आहे.

आता इंजिनाच्या आत जाऊ.

दोरी ओढली की पिस्टन वर सरकतो आणि एकाच हालचालीत दोन कामे करतो. त्याच्या डोक्यावर आधीच आलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबले जाते. त्याच वेळी त्याच्या पायाखाली, क्रँकशाफ्टच्या बंद खोलीत, जागा वाढते आणि त्या पोकळीमुळे कार्बोरेटरमधून नवे मिश्रण आत ओढले जाते. वर ठिणगी पडते, स्फोट होतो, पिस्टन खाली ढकलला जातो. खाली येताना त्याच्या स्वतःच्याच अंगाने सिलिंडरच्या भिंतीतली एक खिडकी मोकळी होते. जळका वायू तिथून सायलेन्सरकडे निसटतो. पिस्टन आणखी खाली आला की दुसरी खिडकी मोकळी होते आणि खालच्या खोलीत दाबले गेलेले ताजे मिश्रण तिच्यातून वर उसळते. तोच पिस्टन झडपही आहे, पंपही आहे आणि शक्ती देणारा भागही. १८९० च्या आसपास इंग्लंडमधल्या बाथ या गावी जोसेफ डे यांच्या कारखान्यात ही टू-स्ट्रोक रचना आकाराला आली. सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली, तरी तिरोड्याच्या दुकानात टांगलेल्या यंत्रात मूळ कल्पना तीच आहे.

या सुंदर रचनेला एक किंमत मोजावी लागते. खालच्या खोलीतून सतत मिश्रण वाहत असते, त्यामुळे तिथे मोटरसायकलसारखे इंजिन ऑइल भरून ठेवता येत नाही. म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे. लुना किंवा जुनी बजाज स्कूटर चालवलेल्या पिढीला हे सांगावे लागत नाही. पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल मारून घेण्याची त्यांना सवय होती. त्या गाड्या रस्त्यावरून गेल्या, तशी ती समजही घरातून गेली. आज पहिल्यांदा ब्रश कटर घेणारा तरुण नुसते पेट्रोल ओततो, यंत्र काही वेळ झकास चालते, मग पिस्टन सिलिंडरला घासून चिकटतो आणि नवे कोरे इंजिन कायमचे बसते. एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल म्हणजे ५० ला १ हे प्रमाण. २५ मिलिलिटर म्हणजे ४० ला १. काही यंत्रांना २५ ला १ लागते, म्हणजे ४० मिलिलिटर. कोणते, ते त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच पाळावे. ऑइल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचेच हवे. डब्यावर ‘जासो एफसी’ किंवा ‘एफडी’ असा दर्जा छापलेला असतो.

पण सगळ्यात अद्भुत भाग अजून पुढे आहे. मोटरसायकलच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची एक छोटी वाटी आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट असतो. वाटी सपाट असेल तोवरच तिचे काम नीट चालते. ब्रश कटरमध्ये ही वाटीच काढून टाकली आहे आणि तिच्या जागी दोन पातळ, लवचीक पडदे (डायफ्राम) बसवले आहेत. क्रँकच्या खोलीतला दाब दर फेरीला वाढतो आणि उतरतो, हे आपण पाहिले. त्या खोलीपासून एक बारीक छिद्र पहिल्या पडद्याच्या मागे नेलेले असते. इंजिन मिनिटाला ७००० फेरे घेत असेल, तर हा पडदा सेकंदाला सुमारे ११७ वेळा आत-बाहेर होतो आणि तेवढ्याच वेळा टाकीतून पेट्रोलचा बारीक घोट ओढतो. पेट्रोलचा पंप म्हणजे हाच पडदा! दुसरा पडदा इंजिनाची ओढ जाणून घेतो: आत पोकळी वाढली की तो वाकतो, एका चिमुकल्या तरफेला ढकलतो, तरफ सुई उचलते आणि लागेल तेवढेच पेट्रोल आत शिरते. पेट्रोल कुठेही उघडे साठून राहत नाही, म्हणून वर-खाली, आडवे-तिरपे याचा प्रश्नच उरत नाही. टाकीच्या आतही एक मऊ नळी मोकळी सोडलेली असते आणि तिच्या टोकाला वजनदार फिल्टर. यंत्र जिकडे झुकेल तिकडे पेट्रोल जाते, आणि वजनामुळे नळीचे तोंडही तिकडेच जाते. इतकी साधी युक्ती ज्याला सुचली असेल, त्याच्याविषयी मला फार आदर वाटतो.

ब्रश कटर ‘उठत नाही’ अशी तक्रार घेऊन लोक मेकॅनिककडे जातात, तेव्हा दोष बहुतेक वेळा याच भागात असतो. पडदे कडक झालेले असतात किंवा त्यांच्यामागची बारीक छिद्रे वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजलेली असतात. म्हणून विकत घेतानाच विचारावे: “भाऊ, याचे डायफ्राम किट आहे का तुमच्याकडे? आता, इथे?” उत्तर “नागपूरहून मागवून देऊ” असे आले, तर ऐन रोवणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत यंत्र आठवडाभर पडून राहील असे समजावे. माझ्या लेखी विश्वासार्हता मोजताना नावाजलेला ब्रँड दुसऱ्या क्रमांकावर येतो. पहिला क्रमांक ज्याचे पडदे, सील, प्लग आणि स्टार्टरची दोरी तालुक्याच्या गावात मिळते त्या यंत्राचा.

पडद्यांचा सगळ्यात मोठा शत्रू आता पंपावरच्या पेट्रोलमध्येच आहे. देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळू लागले आहे. उसाबरोबर मका आणि तांदूळ यांच्यापासूनही ते इथेनॉल बनते, म्हणजे धानाच्या जिल्ह्यात तांदूळ ताटातही आहे आणि टाकीतही. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी महिनाभर पडून राहिली, तर पाण्याचे प्रमाण वाढत जाते आणि एका मर्यादेनंतर इथेनॉल-पाण्याचा थर पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतो. टू-स्ट्रोक ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहते. आणि टाकीतला तो वजनदार फिल्टर कुठे असतो? तळाशी! म्हणजे इंजिन नेमका ऑइल नसलेला थर ओढते. शिवाय जुन्या पद्धतीच्या रबराला इथेनॉल सोसत नाही. ते फुगते, मग कडक होते. म्हणून पुस्तिकेत इंजिन किती टक्के इथेनॉलपर्यंत चालेल, हे विकत घेण्यापूर्वी वाचावे. कित्येक यंत्रांच्या पुस्तिकांत ही मर्यादा १० टक्केच असते. मिश्रण दोन-तीन आठवड्यांपुरतेच बनवावे, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटरही कोरडा करावा. ही पाच मिनिटे पुढच्या हंगामाचा मेकॅनिकचा खर्च वाचवतात.

ठिणगीची गोष्टही तितकीच विलक्षण आहे. बॅटरी नाही, मग वीज येते कुठून? इंजिनाच्या पंखा असलेल्या चाकात एक चुंबक बसवलेले असते. चाक फिरताना ते तारेच्या गुंडाळीजवळून झपकन जाते आणि गुंडाळीत वीज निर्माण होते. त्या क्षणी ती हजारो व्होल्टपर्यंत चढवून प्लगच्या टोकाशी सोडली जाते. तुम्ही दोरी ओढता तेव्हा तुमच्या दंडातली ताकद ठिणगी होऊन बाहेर पडते. चुंबक आणि गुंडाळी यांच्यातले अंतर जेमतेम ०.३ मिलिमीटर हवे. ते तपासायला जाणकार मेकॅनिक मध्ये एक व्हिजिटिंग कार्ड सरकवतो, गुंडाळीचे स्क्रू आवळतो आणि कार्ड काढून घेतो.

मग ही शक्ती दांड्यातून पात्यापर्यंत जाते, किंवा नायलॉनच्या दोरीपर्यंत. मऊ दोरीने गवत कापते ही गोष्ट मुळात पटायलाच अवघड आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात १९७१ साली जॉर्ज बॅलस यांना मोटारी धुण्याच्या यंत्रातले गरगर फिरणारे नायलॉनचे ब्रश पाहून ती सुचली; पत्र्याच्या डब्याला भोके पाडून त्यांनी त्यात मासेमारीची दोरी ओवली आणि डबा फिरवून पाहिला. मिनिटाला ७००० फेऱ्यांवर, केंद्रापासून २० सेंटिमीटरवर असलेला दोरीचा एक ग्रॅमचा तुकडा सुमारे ११ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढला जातो. त्या ताणाने दोरी तारेसारखी ताठ होते आणि तिचे टोक ताशी ५०० किलोमीटरहून अधिक वेगाने गवतावर आदळते. धुऱ्यावर तुरीच्या खोडाशी गवत काढताना ही दोरी सोयीची, पण कोवळ्या खोडाची साल तीही सोलते. तरोट्याच्या जून झालेल्या काड्यांना तीन पात्यांचे ब्लेड लागते. धान कापायचे तर ८० दातांचे गोल पाते आणि त्यावर कापलेली पेंडी एका बाजूला ढकलणारी जाळी. यंत्राबरोबर हे तिन्ही मिळते का आणि पुढे सुटे मिळेल का, ते पाहावे.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे येऊ, कारण फसगत इथेच जास्त होते. बाजारातल्या असंख्य ब्रश कटरांची इंजिने चिनी धर्तीची असतात आणि त्यांच्या अंगावर इंग्रजी अक्षरांत एक संकेत कोरलेला असतो: ‘१ई४०एफ’ किंवा ‘१ई४४एफ’. तो वाचता आला की इंजिन स्वतःच बोलू लागते. पहिला १ म्हणजे एक सिलिंडर. ‘ई’ म्हणजे टू-स्ट्रोक. ४० म्हणजे सिलिंडरचा व्यास ४० मिलिमीटर. ‘एफ’ म्हणजे हवेने थंड होणारे. या इंजिनांत पिस्टनची धाव बहुधा ३४ मिलिमीटर असते. आता शाळेतले सूत्र लावा: त्रिज्या २ सेंटिमीटर, तिचा वर्ग ४, गुणिले ३.१४, गुणिले ३.४; उत्तर ४२.७. हेच ते ‘४३ सीसी’चे इंजिन. व्यास ४४ असेल तर ५१.७, म्हणजे ‘५२ सीसी’. खोक्यावर मोठ्या अक्षरात ६२ किंवा ६८ सीसी छापले असेल आणि इंजिनावर ४४ कोरलेले असेल, तर खोक्यावरचा आकडा विसरून जावा. एवढ्याच धावेत ६२ सीसी मिळवायला व्यास ४८ च्या आसपास हवा. ‘ई’ नसेल तर इंजिन फोर-स्ट्रोक: ‘१३९एफ’ म्हणजे एक सिलिंडर, व्यास ३९. पॉवर वीडरवर दिसणारे ‘१७०एफ’ याच कुळातले, व्यास ७०. सातवी-आठवीतल्या मुलीला सोबत न्यावे आणि दुकानात तिच्याकडून हे गणित करून घ्यावे.

शिवाय मोठे इंजिन म्हणजे चांगले यंत्र, असे नसते. दिवसभर राबणारा माणूस सरासरी ७५ वॅटच्या आसपास शक्ती देतो. १.२५ किलोवॅटचे इंजिन म्हणजे सोळा-सतरा माणसांचा जोर. धुऱ्याच्या गवताला ३३ ते ४३ सीसी पुष्कळ झाले. त्याहून मोठे घेतले तर वजन आणि थरथर वाढते, आणि ती थरथर बोटांच्या नसांवर आयुष्यभराची खूण ठेवू शकते. इंजिनाची खरी शक्ती किती, हे कळायलाही मार्ग आहे: सरकारी अनुदानाच्या यंत्रांची चाचणी झालेली असते. मध्य प्रदेशात नर्मदेकाठच्या बुदनी येथे १९५५ पासून चालणारी केंद्र सरकारची संस्था हे काम करते. चाचणी अहवालात विक्रेत्याने सांगितलेली शक्ती आणि प्रत्यक्ष मोजलेली शक्ती शेजारी-शेजारी पाहता येते. अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायच्या आधी तो अहवाल मागून घेणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे.

फोर-स्ट्रोक घ्यावे का? होंडाने १९९० च्या दशकात कोणत्याही कोनात चालणारे छोटे फोर-स्ट्रोक इंजिन बाजारात आणले. त्यात ऑइलचे बारीक धुके केले जाते आणि क्रँकच्या खोलीतल्या त्याच दाबाच्या लाटा ते धुके सगळीकडे फिरवतात. पेट्रोल कमी लागते, मिश्रण करावे लागत नाही, धूर कमी. टू-स्ट्रोकमध्ये दोन्ही खिडक्या काही क्षण एकदम उघड्या असतात आणि त्या फटीतून साध्या इंजिनात चौथाईच्या आसपास पेट्रोल न जळताच निसटू शकते. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून बहुतेक नव्या छोट्या पेट्रोल इंजिनांवर बंधने आणली, त्यामागे अशा प्रदूषणाचेही कारण आहे. रोज चार-चार तास मजुरीने गवत कापणाऱ्याने फोर-स्ट्रोकच घ्यावे, जास्त पैसे मोजून. वर्षातून दोनदा धुरे साफ करणाऱ्याला सुटे भाग मिळणारे साधे टू-स्ट्रोक पुरते, किंवा गावच्या अवजार बँकेतून भाड्याने आणणे सगळ्यात शहाणपणाचे. परसबागेपुरते काम असेल तर बॅटरीवरचे पाहावे.

चोरखमाऱ्यासारख्या जंगलकाठच्या गावात एक भाग मात्र मी सगळ्यांत वर ठेवेन. सायलेन्सरच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. जळत्या काजळीचा कण बाहेर उडू नये, म्हणून ती तिथे असते. काजळीने ती बुजली की इंजिनाचा दम कमी होतो आणि मग काही जण ती काढूनच टाकतात. मार्चमध्ये पायाखाली कडकडीत पाने असताना जाळी नसलेला सायलेन्सर हे वणव्याचे निमंत्रण आहे. जाळी ब्रशने घासून पुन्हा बसवावी, फाटली तर नवी घ्यावी. गरम यंत्र वाळल्या पानांवर टेकवू नये, गरम टाकीत पेट्रोल ओतू नये. ब्लोअरने पाने हटवणाऱ्याने तर हे दोनदा तपासावे. पात्याजवळून खडा सुटला की तो डोळा फोडू शकतो. म्हणून गॉगल, कानाला बोळे, आणि १५ मीटरच्या आत कोणीही नको, विशेषतः मागून पाणी घेऊन येणारी पोरे.

दुकानात यंत्र सुरू करून दाखवायला सांगावे. हात गॅसवरून काढला की पाते पूर्ण थांबले पाहिजे. संथ फेऱ्यांवर क्लचचे दोन तुकडे स्प्रिंगने आत खेचलेले असतात आणि वेग वाढल्यावरच ते बाहेर फेकले जाऊन पकड घेतात. संथ इंजिनावर पाते रांगत असेल तर ते यंत्र नको. मग पाच मिनिटे चांगले तापू द्यावे, बंद करावे, दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा दोरी ओढावी. थंड इंजिन कोणीही सुरू करून दाखवतो. तापल्यावर मात्र कच्च्या गुंडाळीची ठिणगी मरते, ढिल्या सीलमधून हवा शिरते, कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची वाफ होते. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला ते पुन्हा सुरू झाले, तर पैसे द्यावेत, आणि डायफ्रामचा एक संच व एक प्लग त्याच पावतीवर घालून घ्यावा.